कायद्यात आहे, पॉलिसीत नाही

मंडळी, एरवी मी इथे जुन्या बडोद्याच्या आठवणी लिहितो. दांडिया बाजारातलं आमचं घर, सूरसागरचे गणपती, पणजोबांची कोठीतली नोकरी, असलं काहीबाही. आजची आठवण जरा वेगळी आहे, आणि तिच्याबरोबर माझं मतही आहे. सगळ्यांना पटेलच असं नाही. पण शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

आज १५ एप्रिल २०२५. अकरा वर्षांपूर्वी, २०१४ साली ह्याच तारखेला सुप्रीम कोर्टाने 'नालसा' म्हणून ओळखला जाणारा निकाल दिला. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यासाठी ऑपरेशनची अट घालणं बेकायदा आहे, असं कोर्टाने सांगितलं. त्या दिवशी मी ऑफिसात पेपर वाचला, पान उलटलं आणि क्लेम फायली पुढे ओढल्या. आपला काय संबंध, असं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

संबंध घरातच होता. माझ्या धाकट्या भावाचं दुसरं मूल. आता तो माझा पुतण्या आहे. जन्मला तेव्हा मुलगी म्हणून बर्फी वाटली होती. त्याला विचारूनच हे लिहितोय. नाव लिहायचं नाही, एवढीच त्याची अट. लहानपणच्या गोष्टी सांगतानाही मी 'तो'च लिहिणार आहे, गोंधळू नका.

आमच्या घरी मराठी बोलायची शिस्त कडक. बाहेर गुजराती, घरात मराठी. चार पिढ्या ह्या नियमावर भाषा टिकवली आहे आणि तुमच्यातल्या बहुतेक घरांचा हाच नियम असेल. सहावी-सातवीपासून हा मुलगा घरातही गुजरातीतच बोलायला लागला. आम्ही शाळेला दोष दिला, पोळीतल्या मित्रांना दोष दिला, टीव्हीला दिला. भाऊ चिडायचा, "मराठी माणसाच्या पोटी जन्मून मराठी येत नाही?"

खरं कारण दहा वर्षांनी कळलं. मराठीत साधं "मी जाते" म्हणायचं तरी आपण मुलगी आहोत हे तोंडाने सांगावं लागतं. "मी खाते, मी येते, मी झोपते." दिवसातून शंभर वेळा. गुजरातीत "हुं जाउं छुं" म्हटलं की त्यातून काही कळत नाही. मी त्याला म्हटलं, "अरे, पण 'गयो' आणि 'गई' आहेच की." तर म्हणाला, "म्हणून तर मी काल काय झालं ते कधी सांगायचोच नाही, काका."

त्याचं मराठी सुटलं म्हणून आम्ही ओरडत होतो. ते का सुटलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरल्यावर, त्याने घरात सांगितलं. वय तेवीस, डिप्लोमा झालेला, नोकरी लागलेली. भाऊ तीन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. भावजय रडत होती. मार्ग काढला तो आमच्या आईने. वय तेव्हा ब्याऐंशी. ती म्हणाली, "मी लग्न होऊन ह्या घरात आले, तेव्हा तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. अठरा वर्षं ज्या नावाने हाक मारत होते, ते एका दुपारी गेलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. ह्याने निदान स्वतःचं नाव स्वतः ठरवलंय. त्यात एवढं काय?" आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक मारली, "जेवायला येतोस ना रे?"

आता तो घरात मराठी बोलतो. कामावर जाताना दारातून "आजी, येतो गं" म्हणतो. चपला घालता घालता म्हणतो, तसं सगळेच म्हणतात. आमच्या घरात मात्र त्या एका शब्दाला दहा वर्षं लागली.

हे झालं घरातलं. आता मुद्द्यावर येतो.

माझी नोकरी विम्यातली. चौतीस वर्षं. शेवटची बारा वर्षं आरोग्य विम्याच्या क्लेम विभागात, आणि २०२२ मध्ये निवृत्त झालो. त्यामुळे ह्या विषयावर थोडं अधिकाराने बोलू शकतो, असं मला वाटतं.

पुतण्याने सगळं पद्धतशीर केलं. आधी मानसोपचारतज्ज्ञ, अनेक महिन्यांचं समुपदेशन. मग हार्मोनचे डॉक्टर, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, दर काही महिन्यांनी रक्त तपासण्या. २०२४ च्या सुरुवातीला दुसऱ्या एका शहरात छातीची शस्त्रक्रिया झाली. बिल एक लाख पंच्याऐंशी हजार. कंपनीचा गट विमा होता, दर महिन्याच्या पगारातून त्याचा हिस्साही कापला जात होता. क्लेम टाकला. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं. क्लेम नामंजूर, कारण 'एक्सक्लूजन कोड ०७'.

त्याने पत्र मला दाखवलं आणि विचारलं, "काका, हे काय असतं?" मला पत्र वाचायचीही गरज नव्हती. निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं मी नव्या मुलांना हे सगळे कोड शिकवत होतो. ०६ म्हणजे लठ्ठपणा, ०७ म्हणजे लिंगबदलाचे उपचार, ०८ म्हणजे सौंदर्यासाठीची सर्जरी. आणि अगदी असंच दोन ओळींचं एक पत्र २०२१ मध्ये माझ्या सहीने गेलेलं आहे. त्या माणसाचं नाव आठवत नाही. फायलीवरचं वय आठवतं, सव्वीस. मी फाईल बंद केली आणि चहाला गेलो. नियमाप्रमाणे मी काही चूक केलं नव्हतं. प्रश्न त्या नियमाचाच आहे.

आता दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

२७ सप्टेंबर २०१९. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा ठरवून दिली. तोपर्यंत प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत काय काय वगळायची, ग्राहकाला पत्ता लागायचा नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकच मजकूर आला. हेतू चांगलाच होता. पण त्यात ०७ नंबरला, शरीराची लक्षणं विरुद्ध लिंगाची करण्यासाठी केलेल्या कुठल्याही उपचाराचा खर्च मिळणार नाही, असा सरसकट अपवाद बसला. कंपनीने तो घातलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पण घालायची सोय झाली, आणि बहुतेकांनी ती वापरली.

५ डिसेंबर २०१९. संसदेने केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्या कलम १५ मध्ये सरकारने काय करायचं ते लिहिलंय. शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांची सोय, त्याच्या आधीचं आणि नंतरचं समुपदेशन, आणि ह्या सगळ्याचा खर्च भागेल अशी सर्वसमावेशक विमा योजना. लेसर उपचारसुद्धा त्यात नावानिशी आहेत. १० जानेवारी २०२० पासून हा कायदा लागू आहे.

म्हणजे सव्वादोन महिन्यांच्या अंतराने एका कागदाने वगळायची भाषा ठरवली आणि दुसऱ्याने द्यायचं वचन दिलं. सव्वापाच वर्षं झाली, दोन्ही कागद आपापल्या जागी सुखात आहेत.

कुणी म्हणेल, विम्यात सगळंच कसं बसवणार? ठीक. मी विमावाल्यासारखंच उत्तर देतो. त्याच यादीतला ०६ नंबर बघा. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सरसकट वगळलेली नाही, तिला अटी आहेत. डॉक्टरचा सल्ला हवा, वैद्यकीय पद्धतीत बसणारी हवी, वय अठरा पूर्ण हवं आणि बीएमआय चाळीस किंवा त्याहून जास्त हवा, किंवा पस्तीस आणि सोबत हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह असं काही गंभीर. अटी पूर्ण केल्या की अपवाद लागत नाही. ०८ नंबरही तसाच. नाक सरळ करायची हौस असेल तर पैसे नाहीत. पण अपघात, भाजणं, कॅन्सर ह्यानंतर किंवा उपचाराचा आवश्यक भाग म्हणून प्लास्टिक सर्जरी लागली, तर ती वगळलेली नाही.

म्हणजे हौस कुठली आणि गरज कुठली, हे ठरवायची पद्धत विम्याला चांगली माहीत आहे. ०६ ला दरवाजा आहे, ०८ ला दरवाजा आहे, ०७ ला मात्र भिंत. माझं म्हणणं एवढंच, की तिथेही दरवाजा करा. हव्या तर अटी घाला. अठरा वर्षं पूर्ण, मानसोपचारतज्ज्ञाचं मत, तज्ज्ञ डॉक्टरची शिफारस. माझ्या पुतण्याकडे हे सगळे कागद एका फायलीत लावलेले होते. पण ते कुणी उघडून बघायचं कारणच नव्हतं, कारण कोड ०७ लागला की पुढचं वाचायचं नसतं. हे मी स्वतः शिकवलंय.

"पण हा आजार थोडाच आहे?" असंही विचारतात. बाळंतपण आजार आहे का? त्याचे पैसे पॉलिसीत घेतोच ना आपण? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. यादीतून पूर्ण काढला नाही. माणूस वेडा नाही, पण त्याला उपचार लागू शकतात आणि त्यांचा खर्च मिळायला हवा, म्हणून.

आता ह्यातली खरी मेख सांगतो. सरकारी ओळखपत्र मिळवणं आता तुलनेने सोपं आहे. त्यासाठीचं राष्ट्रीय पोर्टल २५ नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं, आणि आपल्याला माहीत असावं म्हणून सांगतो, त्याच कार्यक्रमात आपल्या बडोद्यातल्या 'गरिमा गृह' ह्या निवाऱ्याचंही उद्घाटन झालं. लक्ष्य ट्रस्टच्या साहाय्याने ते चालतं. आपल्याच गावातली गोष्ट, पण आपल्या किती घरांना ठाऊक आहे? पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, शारीरिक तपासणी नाही, जिल्हाधिकाऱ्यांनी तीस दिवसांत दाखला द्यायचा. त्यावर 'ट्रान्सजेंडर' असं येतं.

पण दाखल्यावर 'पुरुष' किंवा 'स्त्री' असं हवं असेल तर कलम ७ लागतं. तिथे शस्त्रक्रिया झाल्याचं वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र मागितलंय. नालसा निकालात कोर्टाने जे नको म्हटलं होतं, ते मागच्या दाराने परत आलं. २०२० च्या नियमांनी समुपदेशन आणि हार्मोन उपचारही 'वैद्यकीय उपचारा'त धरून थोडी वाट मोकळी केली, हे मान्य. तरी साखळी बघा. कागदावर पुरुष व्हायचं तर उपचार हवेत. उपचारांना पैसे हवेत. पैशांसाठी विमा आहे. विम्यात ०७ आहे. म्हणजे शेवटी माणूस कोण आहे हे त्याच्या बापाच्या एफडीवर ठरतं. माझ्या भावाने एफडी मोडली, काम झालं. ज्याच्या बापाकडे एफडी नाही, किंवा आहे पण बाप घरात घेत नाही, त्याने काय करायचं?

त्यांच्यासाठी आयुष्मान आहे, असं सांगतात. आहे, आणि चांगलं पाऊल आहे. २४ ऑगस्ट २०२२ ला आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय मंत्रालय ह्यांच्यात करार झाला. पोर्टलवरचा दाखला असलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तीला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, त्यात शस्त्रक्रियाही. पण कार्ड खिशात असणं आणि त्या कार्डावर ती शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय आपल्या आवाक्यात असणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जो नोकरी करतो, स्वतःचा हप्ता भरतो, त्याला "तुम्ही सरकारी योजनेकडे जा" हे उत्तर होऊ शकत नाही. मधुमेही माणसाला आपण असं सांगतो का?

एक भीती खरी आहे, ती नाकारत नाही. "पुढे पस्तावला तर?" भाऊही हेच विचारायचा. म्हणूनच तज्ज्ञ, समुपदेशन, वेळ ह्या पायऱ्या हव्यात. पण विमा नाकारला म्हणून कुणी उपचार थांबवत नाही. तो स्वस्तातला डॉक्टर शोधतो, कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शनं घेतो, रक्त तपासण्या टाळतो. विमा आला की कागद येतात, तज्ज्ञाची सही येते, नोंदणी असलेलं रुग्णालय येतं. काळजी असेल, तर त्या काळजीचीच ही मागणी आहे.

आपल्या समाजाबद्दल दोन शब्द. आपण बडोदेकर सयाजीरावांचं नाव घेतल्याशिवाय भाषण संपवत नाही. १९०६ चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९३१ चा हिंदू घटस्फोटाचा कायदा. देशात इतरांनी विचार करायच्या आधी आपल्या संस्थानात झालं, हे अभिमानाने सांगतो. बहुचराजीला आपल्यातल्या कित्येकांच्या घरची जावळं होतात. तिथलं आजचं मंदिर गायकवाडांच्या घराण्याने बांधलेलं, आणि ती देवी तृतीयपंथीयांचं दैवत. तिथे रांगेत त्यांच्या शेजारी उभं राहायला आपल्याला चालतं. बारशाला त्यांचा आशीर्वाद चालतो. मग आपल्याच घरातलं पोर उठून म्हणालं, "मी असा आहे", की एकदम कुजबूज का सुरू होते? माझा पुतण्या हिजडा समाजातला नाही, तो नोकरी करणारा, स्कूटरवर फिरणारा साधा मुलगा आहे. पण कायदा दोघांना एकच आहे आणि ०७ ची भिंतही दोघांना एकच आहे.

ही कुजबूजच विमा कंपन्यांच्या पथ्यावर पडते. लाजेपोटी लोक क्लेम टाकत नाहीत. टाकला आणि नाकारला तर तक्रार करत नाहीत. तक्रार नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे कलम तसंच. आम्ही तक्रार केली. आधी कंपनीकडे, मग अहमदाबादला विमा लोकपालाकडे. पैसे मिळाले नाहीत. मिळणार नाहीत हे मला माहीत होतं, कारण पॉलिसीत जे लिहिलंय त्यापलीकडे त्यांना जाता येत नाही. तरी केली. निदान एक नोंद झाली.

आता ज्यांच्या हातात काही आहे त्यांना सांगतो. ह्या समूहात कारखानदार आहेत, एचआरमधले लोक आहेत, विमा एजंट तर डझनभर आहेत. गट विमा हा दरवर्षी नव्याने ठरणारा करार असतो. बाळंतपणासाठी नऊ महिने थांबायची अट काढायला तुम्ही सांगता आणि कंपनी थोडा हप्ता वाढवून काढते, बरोबर? ०७ सुद्धा तसाच काढून घेता येतो. देशातल्या काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तो काढून घेतलाय. शंभर-दोनशे माणसांच्या कारखान्यात असा क्लेम कितीदा येणार? हप्त्यात फरक पडला तरी फार नसेल. पण पुढच्या रिन्यूअलला तुम्ही विचारलंत, आणखी दहा जणांनी विचारलं, की वरपर्यंत पोचतं. विमा असाच बदलतो, हे मी चौतीस वर्षं आतून पाहिलंय.

आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे पण अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यांना. मला निरोप पाठवा, बाहेर कुठे बोलणार नाही. पोर्टलचा अर्ज कसा भरायचा, गॅझेटात नाव कसं बदलायचं, पॉलिसी कशी वाचायची, एवढं मला येतं. पॉलिसीची पूर्ण प्रत घेऊन या, नुसतं कार्ड नको. अपवादांची पानं मागे असतात, बारीक अक्षरात. चष्मा आणा. चहा माझ्याकडे.